नाव झाकलेली थ्री-वूड

"दीदी, नाव दिसून राहिलं अजून. आणखी एक पट्टी मारा ना," रश्मीताई म्हणाल्या.

मी काळ्या कापडी टेपची अजून एक पट्टी कापली. टेबलावर तीन क्लब होते, तिन्ही थ्री-वूड. वूड म्हणतात, पण डोकं आता धातूचंच असतं. चेंडू थेट गवतावरून उचलून लांब मारायचा, तो या क्लबनं. ताईंच्या जुन्या थ्री-वूडला चीर गेली होती आणि क्वालिफाइंग तोंडावर आलं होतं. त्यात नंबर लागला तर वर्षभर मोठ्या स्पर्धा खेळता येतात. नाही लागला तर वर्ष घरी.

रश्मीताई दुर्गच्या. प्रोफेशनल गोल्फर, पण कुठल्या कंपनीशी करार नाही. करारवाल्या खेळाडूचा क्लब तुटला की कंपनी लगेच दुसरा पाठवते. बदल्यात त्यानं पिशवीत त्यांचेच क्लब ठेवायचे. ताईंच्या पिशवीत मात्र आयर्न एका कंपनीचे, ड्रायव्हर दुसऱ्या कंपनीचा, पटर तर शाळेत असल्यापासूनचा. पाहिजे ते ठेवा, पण मिळवा तुमचं तुम्ही. हे तीन त्यांनी मैत्रिणींकडून मागून आणले होते.

"भारी कंपनीचं नाव वाचलं की मारायच्या आधीच फटका चांगला वाटते," त्या म्हणायच्या. म्हणून आधी नावं झाकायची, मग निवडायचं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मैदानावर धुकं होतं. स्टील प्लांटकडचं आकाश तांबूस, बाकी सगळं पांढरं. ताई न बघता हात मागे करायच्या, मी एकेक क्लब हातात द्यायचे. आवाज व्हायचा आणि चेंडू धुक्यात विरघळून जायचा. मला वाटायचं, तो खाली पडतच नसेल. उमरखेडकडच्या आमच्या गावावरून, आईच्या अंगणावरून तसाच पुढे जात असेल. आठवीत शाळा सुटली, लग्न होऊन इथं दुर्गजवळ आले. नवऱ्याचं ठेकेदारीतलं काम बंद पडलं तेव्हा जुनवानीतल्या वासनिकभाऊंनी मला त्यांच्या वर्कशॉपमध्ये ग्रिप बसवायला शिकवलं. ग्रिप म्हणजे क्लबची रबरी मूठ. नाही तर माझ्यासारखीनं गोल्फचं मैदान कशाला पाहिलं असतं? तिथं उभी राहिले की अजूनही वाटतं, कोणी येऊन विचारेल, बाई, तू इथं कशी?

ऊन आलं, धुकं उठलं. आम्ही चेंडू वेचायला गेलो. प्रत्येक क्लबच्या चेंडूंवर मी वेगळ्या रंगाची खूण केली होती. पहिल्या आणि तिसऱ्या क्लबचे इकडेतिकडे पसरले होते. दुसऱ्याचे मात्र कापडावर वड्या घातल्यासारखे एका जागी.

"हाच," ताई म्हणाल्या.

मैत्रिणीनं तो त्यांना ठेवूनच घे म्हटलं. मी नवी ग्रिप बसवली. भाऊंनी टेप काढली, क्लब पुसून आरशासारखा केला. भाऊ प्लांटच्या मशीन शॉपमधून रिटायर झालेले. "गिऱ्हाइकाले वस्तू चकाचक द्यावं," हे त्यांचं नेहमीचं.

दोन दिवसांनी ताई दुपारच्या परत आल्या. चेहरा उतरलेला.

"दीदी, क्या किया आपने? चेंडू डावीकडे वळून राहिला. एकूणएक!"

ग्रिप मी बसवली होती. वाकडी बसली असेल का? उद्यापासून भाऊ काम देतील का? ग्रिप तपासली, सरळ. लांबी तीच. डोक्याचा कोन मापला, तोही तोच.

"मी त फक्त पुसलं," भाऊ उगाचच मोठ्यानं म्हणाले आणि पाणी प्यायला उठले. चालताना त्यांच्या एका चपलेचा चिकट आवाज येत होता.

"भाऊ, चपलेले काय चिपकलं हो तुमच्या?" ताईंनी विचारलं.

भाऊंनी पाय उचलला. खाली काळ्या टेपचा गोळा!

ताई आधी हसल्या, मग त्यांनी क्लब उचलला. "नाव कुठं होतं याच्यावर?"

क्लबच्या तळाला, टोकाकडे. ठसठशीत कोरलेलं, म्हणून तर पट्टीवर पट्टी मारावी लागली होती. गोळा साफ करून काट्यावर ठेवला. दोन ग्रॅमच्या आसपास भरला. टोकाकडे तेवढं वजन असलं की डोकं किंचित उशिरा वळतं आणि चेंडू डावीकडे पळत नाही. ताईंच्या हाताला तेवढंच हवं होतं. त्यांनी निवडला तो क्लब टेपसकट होता.

तिथं आता शिशाची पट्टी लावायची ठरली. ताईंनी स्पर्धेच्या रेफरीला फोन करून विचारलं. खेळ सुरू व्हायच्या आधी लावा, मधे हात लावू नका, म्हणाले. मी पट्टी कापली, तोलली, त्याच जागी दाबून बसवली. नाव पुन्हा झाकलं गेलं.

भाऊंचा जीव तुटला. "एवढ्या मोठ्या कंपनीचं नाव झाकून राहिली तू? लोकं काय म्हणतीन?"

"मले कोण पैसे देऊन राहिलं भाऊ, नाव दाखवाचे?" ताई म्हणाल्या.

क्वालिफाइंगच्या दिवसांत मी हातानं ग्रिप बसवत होते आणि डोळ्यांपुढे कधी न पाहिलेलं मैदान होतं, हिरवं, संपतच नसलेलं. त्यावर एक चेंडू सरळ जात होता. मधेच तो डावीकडे वळायचा आणि मी दचकायचे.

शेवटच्या दिवशी फोन आला. भाऊंनी स्पीकरवर टाकला.

"लागला भाऊ! शेवटून दुसरा, पण लागला!"

भाऊ फोन पुसत बसले.

महिन्याभरानं त्या कंपनीच्या माणसानं ताईंना फोन केला. करार करू, पण नाव दिसलं पाहिजे. वजन आतून घालून नवा क्लब बनवून देऊ. ताई म्हणाल्या, "पाठवा. नाव झाकून मारून पाहतो, मग सांगतो." तो क्लब अजून आलेला नाही. ताई शिशाच्याच पट्टीवर खेळतात.

आमच्याकडे मात्र एक बदल झाला. कोणाचाही क्लब आला की मी तो जसा असेल तसा, मळलेला, चिकटलेला, आधी तोलते. पुसायचं काम सगळ्यात शेवटी.