अंगठ्यासाठी सोडलेलं सीताफळ

माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्यासाठी बायकोनं तीन वर्षं सीताफळ खाल्लं नाही. सीताफळ तिचं सगळ्यात लाडकं, नवऱ्याच्याही वर. अंगठा सलग वर्षभर सुजला नाही तरच तोंड लावीन, असं ती देवासमोर बोलून बसली होती. यात देवाचा काही दोष नाही. गोळी मीच घेत नव्हतो.

पहिल्यांदा अंगठा सुजला तेव्हा नुसती चादर टेकली तरी जीव जायचा. रक्तात युरिक ॲसिड नऊच्या पुढं निघालं. सूज उतरल्यावर डॉक्टरांनी ते कमी करणारी गोळी लिहून दिली. म्हणाले, दुखो न दुखो, रोज घ्यायची. सुरुवातीचे काही महिने अंगठा उलट उसळेल, तेव्हा घाबरून बंद करायची नाही. मी मान हलवली. मान हलवण्यात मी पहिल्यापासून हुशार. तिसऱ्या आठवड्यात अंगठा उसळला आणि मी निकाल दिला, गोळीच बदमाश आहे. त्यात हा खाऊनपिऊन सुखी नवाबांचा आजार, म्हणून शेंद्र्याच्या कंपनीच्या बसमध्ये सगळे मला नवाबसाहेब म्हणू लागले होते. जन्मभराची गोळी म्हणजे म्हातारपणावर सहीशिक्का, तो मला नको होता.

हे घरी सांगायचं तर वाद. त्यापेक्षा लबाडी सोपी. बायको रोज चहाबरोबर गोळी हातावर ठेवायची. मी ती गालात धरून गॅलरीत जायचो आणि कोरफडीच्या कुंडीत थुंकायचो. पुंडलिकनगरात सगळ्यात कमी युरिक ॲसिड त्या कोरफडीचं असेल.

दर दोन-तीन महिन्यांनी अंगठा सुजायचा. मग ती आधी तुरीच्या डाळीला, मग पालकाला, शेवटी स्वतःलाच बोल लावायची. सीताफळं मात्र आणायची. म्हणायची, तुम्ही खा, तुम्ही थोडंच सोडलंय. आणि मी तिच्यासमोर बसून खायचो. बिया मोजून.

गेल्या हंगामात डॉक्टरांनी नवा रिपोर्ट बघितला. आकडा होता तिथंच. गोळी रोज घेता ना, त्यांनी विचारलं. माझ्याआधी तीच म्हणाली, "मी स्वतः हातावर ठेवते, डॉक्टर." त्यांनी डोस वाढवला. मी मान हलवली.

बाहेर दौलताबादची सीताफळं घेऊन एक बाई बसली होती. बायकोनं माझ्यासाठी किलोभर घेतली. स्कूटरजवळ आल्यावर माझ्या तोंडून निघालं, "मी गोळी घेतच नाही. तीन वर्षं झाली."

"मग जाती कुठं?"

"कोरफडीला."

पिशवीतलं सगळ्यात मोठं सीताफळ काढून तिनं फोडलं आणि स्कूटरला टेकून खायला लागली.

"अगं, देवाला बोललीस त्याचं काय?"

"देवाचं मी बघते. तुम्ही आधी वर जा. त्या माणसानं तुमच्या थापेवर डोस वाढवलाय."

मी लंगडत जिना चढलो आणि सगळं सांगितलं. डॉक्टरांनी चिठ्ठी फाडली, पुन्हा लहान डोसपासून सुरुवात करून दिली आणि एवढंच विचारलं, "कोरफड जिवंत आहे का?"

आता रोज गोळी गिळल्यावर जीभ उचलून दाखवावी लागते. मधे एकदा अंगठा उसळला, तरी बंद केली नाही. आकडा साडेपाचवर आलाय.

त्या दिवशी खाली आलो तेव्हा पिशवीत दोनच सीताफळं उरली होती. तिनं विचारलं नाही, मीही मागितलं नाही.