एक वाक्य घेऊन या

आमच्या शाळेत पहिलीच्या पालकांना दर जूनमध्ये एक निरोप जायचा. सभेला येताना मुलाचं एक वाक्य घेऊन या. जन्मदाखला, फोटो वगैरे ऑफिसात द्या. पहिलीच्या आहेरबाईंना फक्त वाक्य हवं असायचं. मूल काल-परवा घरात जे काही बोललं असेल त्यातलं एक, जसंच्या तसं.

पालकांना वाटायचं ही त्यांची परीक्षा आहे. मग ते वाक्य घासूनपुसून आणायचे. एखादे वडील उभे राहून सांगायचे, "तो म्हणाला, मी खूप अभ्यास करून मोठा साहेब होईन." बाई खडू हातात धरून ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "हे तुम्ही बोललात. तो काय बोलला?" वडील छताकडे बघत राहायचे. शेवटी बायको हळूच सांगायची, "तो म्हणला, पप्पांच्या हेल्मेटचा लय घाण वास येतो." वर्ग हसायचा. बाई मात्र ते वाक्य मोठ्या अक्षरात फळ्यावर लिहायच्या, त्यातल्या 'लय'सकट, आणि खाली मुलाचं नाव घालायच्या. "हा त्याचा पहिला धडा. पुस्तकातला नंतर. आपण बोलतो ते असं दिसतं, एवढं त्याला आधी कळू दे."

मी त्याच शाळेत दुसरीला शिकवायचे. आमच्या वर्गांच्या मधली भिंत पातळ होती, त्यामुळे ही सभा मी वर्षानुवर्षं ऐकली, कधी दारातून पाहिलीही. नाशिक रोड स्टेशनपासून चालत जाण्याजोगी, साधी मराठी शाळा. नोटांच्या प्रेसमधल्या आणि रेल्वेतल्या कामगारांची मुलं, आणि दसक-पंचककडच्या भाजी-फुलांच्या मळेवाल्यांची. पहिलीची मुलं पुढच्या वर्षी माझ्याकडे यायची. त्या सभेतून काय निघतं हे माझ्याइतकं कुणाला माहीत नसेल.

बाई सटाण्याकडच्या. शाळेत त्या स्वच्छ पुस्तकी मराठी बोलायच्या, पण चिडल्या की माहेरची अहिराणी बाहेर यायची. एकदा मुख्याध्यापक पहिलीला शुद्धलेखनाची रोज पाच पानं द्या म्हणाले, तेव्हा बाई व्हरांड्यातून चालता चालता ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाल्या, "लेकरू शे ते, मशीन नई." वर्गात मात्र त्यांचा आवाज कधी वर गेला नाही. चपला त्या दाराबाहेर काढायच्या. मूल वाचत असताना मागून चप्पल वाजली की त्याचं अर्धं लक्ष चपलेकडे जातं, असं त्यांचं म्हणणं.

सभेत वाक्यं लिहून झाली की बाई वर्षाचा हिशोब मांडायच्या. तो मला पाठ आहे. "दिवाळीपर्यंत तुमचं मूल वाचणार नाही. दोन-चार वाचतील, त्यांचं कौतुक शेजारच्या पोरासमोर करू नका. नाताळच्या सुमारास अडखळत वाचेल. अडखळलं की त्याच्या तोंडातला शब्द काढून घेऊ नका. तोंड मिटून थांबा. मार्चमध्ये चार-पाच ओळींची गोष्ट आपली आपण वाचेल आणि काय वाचलं ते सांगेल. मनातली दोन वाक्यं लिहील. त्यात चुका असतील. चुका मी बघते, त्यानं काय म्हटलंय ते तुम्ही बघा. आणि हात धरून गिरवून घेऊ नका. हात त्याचा असतो आणि अक्षर तुमचं येतं, मग त्याला वाटतं अक्षर आईच्या हातात असतं."

एका वर्षी दसकची एक फुलवाली शेवटच्या बाकावरून म्हणाली, "बाई, मला वाचताच येत नाही. मी घरी काय करू?" सगळे मागे वळून बघायला लागले. बाई म्हणाल्या, "कान आहेत ना? ती वाचेल तेव्हा हातातलं काम ठेवून ऐका. तुम्हाला चूक काढता येणार नाही, ते बरंच आहे." तिची मुलगी पुढच्या वर्षी माझ्या वर्गात आली. वाचताना प्रत्येक वाक्याला थांबून ती माझ्याकडे बघायची, मी ऐकतेय की नाही ते. मला वह्या तपासत ऐकायची सवय होती. तिच्या धाकाने मी वह्या बाजूला ठेवायला शिकले.

मग आजूबाजूला इंग्रजी शाळा निघाल्या आणि आमची पहिली ओसरायला लागली. त्यांच्याकडे सीनियर केजीतली मुलं स्टेजवर उभी राहून वाचून दाखवायची. संस्थेच्या अध्यक्षांनी आहेरबाईंना बोलावून घेतलं. मी वर्गाची पुस्तकं घ्यायला ऑफिसात गेले होते, म्हणून ते बोलणं माझ्यासमोरच झालं.

"बाई, पालकांना जरा वेगळं सांगा," अध्यक्ष म्हणाले. "दिवाळीपर्यंत वाचून दाखवेल म्हणा. समोरचे तर केजीतच सांगतात."

"आणि दिवाळीला नाही वाचलं तर?"

"ते मग बघू. आधी प्रवेश तर होऊ द्या. मुलं कमी पडली तर वर्ग बंद होईल. तुम्ही अतिरिक्त ठराल. कुठे टाकतील ते आमच्या हातात नाही."

बाई म्हणाल्या, "मी दिवाळी म्हटलं आणि दिवाळीला झालं नाही, तर घरी ते मूल मार खाईल. बोलणार मी आणि मार त्याला, असं कसं चालेल?"

मी हिशेबी बाई आहे. बाहेर आल्यावर मी त्यांना सरळ सांगितलं, सभेपुरतं बोला, वर्गात तुम्हाला हवं तेच करा. कोण बघायला येतंय? त्यांनी माझ्याकडे जरा आश्चर्याने पाहिलं. "मनीषा, सभा हाच वर्ग आहे गं. मुलांना शिकवायला फार लागत नाही. शिकवावं लागतं ते पालकांना."

शेवटच्या सभेला अर्धे बाक रिकामे होते. अध्यक्ष स्वतः दारात येऊन उभे राहिले. प्रेसमध्ये नोकरी करणाऱ्या एका वडिलांनी वाक्य आणलंच नव्हतं. त्यांनी मोबाइल काढून बाईंपुढे धरला. त्यात त्यांचा भाचा इंग्रजी पुस्तकाचं अख्खं पान धाडधाड वाचत होता. बाईंनी तो व्हिडिओ पूर्ण पाहिला.

"गोड आहे. आवाज छान आहे त्याचा."

"मग आमचा असा कधी वाचेल?"

आता काय उत्तर द्यायचं ते सगळ्यांना माहीत होतं. मी भिंतीपलीकडे माझ्या वर्गाला पाढे म्हणायला लावलेले, ते मध्येच थांबवले.

"मार्चमध्ये," बाई म्हणाल्या. "तेही चार-पाच ओळी."

अध्यक्ष निघून गेले. सभा संपल्यावर ते वडील व्हरांड्यात रेंगाळले. माणूस वाईट नव्हता. "बाई, तुमचं पटतंय हो. हा माझा भाचा, पुस्तक काढलं की रडतो, बहीणच सांगते. पण आमच्या सोसायटीतली सगळी पोरं एका व्हॅनमध्ये बसून तिकडे जातात. आमच्या एकट्याला इकडे पायी कसा पाठवू?"

"नका पाठवू," बाई म्हणाल्या. "तिकडे घाला. फक्त तिथे गेल्यावरही त्याच्या तोंडातला शब्द काढून घेऊ नका."

जाणाऱ्याला अशी शिकवण देणाऱ्या त्या एकट्याच. त्या आठवड्यात आणखी काही दाखले परत गेले आणि पहिली बंद झाली. त्या खोलीत संस्थेने स्वतःचीच इंग्रजी नर्सरी काढली. भिंतीवर ससे आणि फुगे रंगवले गेले. आहेरबाई अतिरिक्त ठरल्या आणि त्यांना लासलगावच्या एका शाळेत पाठवलं गेलं. तिथे पहिलीला जागा नव्हती. सहावी-सातवीला भूगोल दिला. जन्मभर पहिली शिकवलेली बाई रोज सकाळी गाडीने जाऊन मोठ्या पोरांना खंड आणि महासागर सांगायला लागली.

मी कधीतरी स्टेशनवर त्यांना भेटायचे. एकदा विचारलं, तिथे पालकसभा होते का. "होते ना. कांद्याचा लिलाव असला की कुणी येत नाही, नसला की येतात. पण सहावीच्या पालकाला मी काय सांगू? त्याला जे सांगायचं ते कुणीतरी कधीच सांगून ठेवलंय." मग पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि पुलाकडे गेल्या. तक्रार केल्याचं मला तेवढंच आठवतं.

निवृत्त झाल्यावर वर्षाच्या आत त्यांच्या पोटाचं दुखणं निघालं. ऑपरेशन झालं, पण डॉक्टरांनी फार आशा दिली नाही. जेल रोडला मुलाच्या घरी त्या असायच्या. मी रविवारी जायचे. मुलगा फिरतीच्या नोकरीत, सगळं सून करायची. पल्लवी. शांत मुलगी. पेज वेळेवर, औषध वेळेवर, चादर रोज बदललेली. मी कडक नजरेने बघते अशा गोष्टी, आणि मला नाव ठेवायला जागा सापडली नाही.

एका रविवारी मी गेले तेव्हा पल्लवी हॉलमध्ये मुलाला घेऊन बसली होती. अर्णव सीनियर केजीत. तिने त्याच्या मुठीवर आपली मूठ ठेवली होती आणि दोघं मिळून ओळीच्या आत अक्षर काढत होते. "परत. खाली गेलं. परत." पोरगं पेन्सिलीकडे बघतच नव्हतं. आतल्या खोलीचं दार उघडं होतं. पलंगावरून हे सगळं बाईंना दिसत होतं आणि ऐकू येत होतं.

मी आत जाऊन खुर्ची ओढली. "बाई, हिला नाही सांगितलं तुम्ही?"

"नाही."

"सगळ्या गावाला सांगितलंत."

"गावाला मी बाई होते, इथे सासू आहे." त्या थांबून थांबून बोलत होत्या. "तेच बोलणं सुनेला टोमणा वाटतं. आणि ती माझं अंग पुसते, मनीषा. सगळं काढते माझं. तिला वर सांगू का, की हेही तुझं चुकतंय?"

बाहेरून पुन्हा "परत" ऐकू आलं. बाईंनी डोळे मिटले.

"तू सांग," त्या म्हणाल्या. "जाताना, सहज. माझं नाव घेऊ नको."

जाताना दारात चप्पल घालता घालता मी पल्लवीला म्हटलं, हात धरून लिहून घेऊ नये, मुलाला त्याचं त्याला येऊ द्यावं. मला वाटलं तिला राग येईल.

"मला कळतं काकू," ती म्हणाली. "मला पण नको वाटतं. पण शुक्रवारी टेस्ट असते. कुणाचं अपूर्ण आहे त्यांची नावं मॅडम ग्रुपवर टाकतात. सगळे आईबाप वाचतात." मग दार जरा लोटून, आवाज उतरवून म्हणाली, "आईंनी एवढी वर्षं पहिली शिकवली. त्या रोज बघतात आणि काही बोलत नाहीत. म्हणजे बरोबरच असेल ना, असं मी धरून चालले. त्यांनी एक शब्द टाकला असता तर मी शाळेत जाऊन भांडले असते."

मी चपला पुन्हा काढल्या आणि आत गेले. बाईंना औषधाने झोप लागली होती. पल्लवी मागून म्हणाली, "उठवू नका काकू, दोन रात्री डोळ्याला डोळा नव्हता." तिचं बरोबर होतं. झोपलेल्या आजाऱ्याला उठवून निरोप देण्याइतकी घाई कसली? मी म्हटलं, पुढच्या रविवारी सांगेन.

शुक्रवारी पहाटे पल्लवीचा फोन आला. बाई गेल्या होत्या.

दिवस-कार्य उरकल्यावर मी एकदा संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. पलंग काढून टाकला होता, खोली उगाच मोठी वाटत होती. अर्णव खाली खेळायला गेला होता. पल्लवीने चहा ठेवला आणि ओट्याकडे तोंड करूनच विचारलं, "काकू, शाळेत आई पालकांना काय सांगायच्या?"

मी सांगितलं. भिंतीपलीकडून ऐकलेलं सगळं, दिवाळीपासून मार्चपर्यंत, त्यांच्याच शब्दांत. मध्ये माझं काही घातलं नाही. चहा उकळायच्या आत सांगून झालं.

पल्लवीने गॅस बंद केला. कप घ्यायला हात वर नेला आणि तो तसाच फळीवर ठेवून उभी राहिली.

"एवढंच होतं?" ती म्हणाली.

"एवढंच," मी म्हणाले.