सुभेदारसाहेबांचा पांढराशुभ्र सन्मान

जिवंत वडिलांच्या अंत्यदर्शनाला आलेल्या लोकांना तुम्ही कधी समोसे वाढले आहेत का? मी वाढले आहेत. गरम होते. सोबत हिरवी चटणीही होती.

झालं असं, की बाबांना सिंगापूरचा कंटाळा आला. सुभेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस! नागपुरात चहाच्या टपरीवर गेले की लोक उठून उभे राहतात, "जय भीम, सुभेदारसाहेब!" म्हणतात. इथे पासिर रिसला लिफ्टमध्ये सगळे फोनकडे बघतात. बाबा रोज सकाळी परेडच्या आवाजात "गुड मॉर्निंग!" ठोकायचे. लोक दचकून पुढच्याच मजल्यावर उतरायचे.

"माझं परतीचं तिकीट काढ," एके दिवशी ते म्हणाले. "इथं मी कोण आहे? कपडे वाळत घालणारा म्हातारा."

"पण बाबा, तुम्ही दोघं कायमचे राहायला आलात ना?"

"तुझी आई राहील. मी जातो. पुढच्या आठवड्याचं बघ."

माझं डोकं फिरलं. मी त्यांची एकुलती एक मुलगी आणि चळवळीच्या पत्रकांवर वाढलेली (आई म्हणते, दात येताना मी ती अक्षरशः चावायचे). ज्या गावात पणजोबांना विहिरीला शिवू देत नव्हते, त्याच गावातून ते पलटणीची वर्दी घालून, बूट वाजवत चालत गेले होते. मग त्याच पलटणीत आजोबा, मग बाबा. आणि अशा माणसाला हे शहर लिफ्टमध्ये वाट देत नाही? सन्मान झालाच पाहिजे! तोही चारचौघांत!

दुकानात तोफेच्या आकाराचं घड्याळ मिळत होतं. रणगाड्याचा पेनस्टँडही होता. "सैनिकाचा इतिहास हा काय शोभेचा माल आहे?" असं मी दुकानदाराला विचारलं. त्यानं मला दहा टक्के सूट देऊ केली. मी तडक बाहेर पडले आणि स्वतःच्या हातांनी एक लाकडी चौकट केली. आत पणजोबा, आजोबा आणि बाबा, तिघांच्याही टोप्यांवरचे बिल्ले, आणि खाली बाबांची पदकं. शिवाय बाबांचा तरुणपणीचा वर्दीतला फोटो जवळजवळ दाराएवढा मोठा करून आणला. कृष्णधवल. काय रुबाब!

आता जागा. आमच्या इमारतीखाली, सगळ्या ब्लॉकखाली असतो तसा, मोकळा तळमजला आहे. त्याला इथे व्हॉइड डेक म्हणतात. बुकिंग करताना समोरच्या बाईनं विचारलं, "लग्न की मयत?"

"दोन्ही नाही. सन्मान!" मी म्हणाले. तिनं माझ्याकडे अतिशय सहानुभूतीनं पाहिलं. मला वाटलं, बाईला इतिहासाची कदर आहे.

मंडपवाल्यानं फोनवर विचारलं, "कापड लाल की पांढरं?"

हा काय प्रश्न झाला? आम्ही बौद्ध माणसं. लग्न असो, नामकरण असो, आमचं मंगल पांढऱ्यातच. "पांढरं!" मी ठणकावलं. "आणि पांढरी फुलं. भरपूर!" मग मी एक झकास पत्रक काढलं: मध्ये बाबांचा फोटो, खाली इंग्रजीत 'एका सैनिकाच्या सेवेला वंदन', आणि भोवती ठसठशीत काळी चौकट. (पत्रकाला चौकट हवीच. लहानपणापासून पाहत आले आहे.) ते घरोघरी दाराखालून सरकवलं.

रविवारी संध्याकाळी शहराच्या सेरंगून भागातून आमची बौद्ध मंडळी आली. सगळे झकपक पांढऱ्यात. आई निळ्या काठाच्या पांढऱ्या साडीत. फोटोपुढे मेणबत्त्या, उदबत्त्या. बाबा वर घरात ब्लेझर चढवत होते. आम्ही डोळे मिटून त्रिसरण-पंचशील म्हणायला सुरुवात केली.

डोळे उघडले, तर समोर अख्खा ब्लॉक उभा! मला भरून आलं. याला म्हणतात पत्रकाची ताकद!

सगळ्यांत पुढे समोरच्या फ्लॅटमधले टॅन अंकल होते. त्यांनी फोटोपुढे तीनदा वाकून नमस्कार केला, आईच्या हातात पांढरं पाकीट ठेवलं आणि ओल्या डोळ्यांनी म्हणाले, "सो सडन, लाह. परवाच तर लिफ्टमध्ये मला गुड मॉर्निंग म्हणाले."

आई माझ्या कानाशी आली. "अवं, हा माणूस रडून काऊन राहिला?"

"भारावलेत गं ते."

"अन् पाकीट?"

"भेट असेल. घे तू. समोसा दे त्यांना."

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या रोहाना आंटी आल्या. त्यांनी आईला मिठी मारली आणि विचारलं, "शेवटी त्रास नाही ना झाला?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी पांढऱ्या मंडपाकडे पाहिलं. मग मेणबत्त्यांकडे. मग काळ्या चौकटीच्या पत्रकाकडे.

"बाप्पा!" आई म्हणाली. "पोरी, तू तर बापाले मारलंस!"

आणि नेमका त्याच क्षणी लिफ्टचा दरवाजा उघडला. ब्लेझर, टाय, चकाचक बूट. बाबा!

रोहाना आंटी किंचाळल्या. टॅन अंकलच्या हातातला समोसा पडला. बाबांनी मात्र समोर काय पाहिलं? आपला भव्य फोटो, आणि दर्शनासाठी रांगेत स्तब्ध उभी असलेली माणसं. त्यांची छाती वीतभर फुगली. ते रांगेच्या एका टोकाला गेले आणि हात मागे बांधून सावकाश चालत निघाले. तपासणी! मधेच एका काकांना खांद्याला धरून अर्धं पाऊल मागे सरकवलं. काका भीतीनं सरकलेही.

टॅन अंकलसमोर बाबा थांबले. अंकलनी बाबांच्या दंडाला बोटानं टोचून पाहिलं. खात्री पटली. मग त्यांनी टाचा जुळवल्या आणि खाडकन सॅल्यूट ठोकला. (इथल्या प्रत्येक पुरुषाला लष्करात सक्तीची सेवा करावी लागते, हे मला ठाऊक होतं, पण ते कधी कामाला येईल असं वाटलं नव्हतं.)

"कुठली पलटण, सर?" अंकलनी विचारलं.

बाबांनी त्यांना लाकडी चौकटीपाशी नेलं. पणजोबांपासून सुरुवात केली. विहीर सांगितली, बूट सांगितले. रांग मोडली आणि सगळे त्यांच्याभोवती गोळा झाले. कुणी आपल्या सार्जंटला शिव्या घातल्या, कुणी लष्करी जेवणाला. माझ्या चौकटीबद्दल बाबा एवढंच बोलले: "पदकांचा क्रम चुकलाय."

सगळ्यांनी दिलेली पैशांची पाकिटं परत द्यायला मी दारोदार फिरले. कुणी घेईना. शेवटी बाबांनीच निकाल दिला: "माझ्या मरणाचे पैसे आहेत, मीच खर्च करणार." आणि खाली टॅन अंकल आणि मंडळींसाठी रोज संध्याकाळी कोपी, म्हणजे इथली कॉफी, सुरू झाली.

तिकिटाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. आता ब्लॉकमध्ये त्यांना 'सर' म्हणतात आणि मला 'ती, जिनं बापाचं मयत केलं'. संध्याकाळी ते घरी सापडत नाहीत. माझे फोन उचलत नाहीत. तेव्हा वाचकहो, एक विनंती आहे. पासिर रिसला आलात आणि एखाद्या इमारतीखाली ताठ बसलेला माणूस चिनी म्हाताऱ्यांना मराठीत दटावताना दिसला, तर त्यांना कृपया वर पाठवा. सांगा, वरण गार झालंय.

फक्त तुम्ही पांढरे कपडे घालून येऊ नका.