वहिनीच्या साड्या आणि मिसळणाचा डबा

रत्नागिरीतला अर्धा कापडबाजार एके काळी माझ्या थोरल्या वहिनीनं एकटीनं पोसला, असं मी सांगतो तेव्हा लोकांना ती अतिशयोक्ती वाटते. खरं तर अर्धा म्हणताना मी हात राखूनच बोलतो. ती राम आळीत नुसती कोथिंबीर आणायला शिरली तरी दोन्ही बाजूंच्या दुकानांत गाद्या झटकल्या जात आणि पंखे सुरू होत. एकदा तापानं ती चार दिवस अंथरुणाला खिळली, तर एका दुकानदारानं चौकशीला माणूस पाठवला आणि त्याच्याबरोबर नवा मालही पाठवला. ताप उतरायच्या आत वहिनीनं त्यातल्या तीन साड्या पसंत केल्या. डॉक्टरांच्या गोळ्यांपेक्षा गुण त्यांनीच दिला, असं तिचं आजही म्हणणं आहे.

‘सेलचे शेवटचे तीन दिवस’ अशी पाटी दिसली की तिचा जीव कासावीस व्हायचा. “शेवटचे दिवस आहेत ओ, जाऊन यायला नको?” असं म्हणून ती पदर खोचून निघायची, जणू आत कुणी खाटेवर पडलंय. ती पाटी पावसाळा संपून उन्हाळा आला तरी तिथेच असायची आणि वहिनी दर वेळी तितक्याच हळहळीनं जायची. एकदा आम्ही दोघं संगमेश्वरला दुखवट्याला निघालो होतो. हातखंब्याला गाडी बदलायची होती, तेवढ्या वेळात तिनं रस्त्याकडेच्या चादरीवरून पाच गाऊन उचलले. “दुःखाच्या घरात रंगीत पिशवी नेऊ नये,” म्हणून ती पिशवी तिनं माझ्या हातात दिली. गुलाबी पिशवी मांडीवर घेऊन गंभीर चेहऱ्यानं बसणं किती अवघड असतं, ते त्या दिवशी मला कळलं.

बरं, ही सगळी खरेदी स्वतःच्या अंगावर घालायला असती तर एक वेळ समजलो असतो. घरात मात्र ती विटलेल्या दोन सुती साड्या आलटून पालटून नेसायची. बाकीचा माल पिशव्यांसकट कपाटात जायचा. विचारलं की म्हणायची, “घडी मोडवत नाय ओ. हे आले की नेसेन.” हे म्हणजे माझा दादा. तो बोटीवर इंजिनात कामाला होता. सुट्टीवर यायचा तेव्हा वहिनी सकाळपासून रात्रीपर्यंत चुलीपाशी, सुरमई तळण्यात आणि वड्यांचं पीठ मळण्यात. नवी साडी नेसून तळणीसमोर कोण उभं राहणार? सुट्टी संपायची, दादा जायचा, आणि दुसऱ्या दिवशी वहिनी बाजारात.

मग एका वर्षी गणपतीच्या आधी दादा आला तो गुडघे धरूनच. इंजिनातल्या शिड्या आता चढवत नव्हत्या. “आता कायमचा आलो,” म्हणाला. बॅग ठेवायला त्यानं कपाट उघडलं आणि साड्यांचा ढीग त्याच्या अंगावर आला. समुद्रात कधी बुडाला नाही तो माणूस घरात बुडाला, म्हणून आम्ही पोट धरून हसलो. वहिनी तेवढी हसली नाही. संध्याकाळी तिनं सगळं सांगून टाकलं. तिच्या पाटल्या पतपेढीत गहाण होत्या, वर कार्डाचं कर्ज होतं आणि तीन दुकानांत उधारी. दादा ओरडला असता तर बरं झालं असतं. तो ओटीवर बसून गुडघा चोळत एवढंच म्हणाला, “मग आणखी एक खेप मारायला हवी. मुंबईचा एजंट शिमग्यापर्यंत थांबेल.”

 वहिनी उठली, स्वयंपाकघरातून मिसळणाचा डबा घेऊन आली, त्यातली हळद, तिखट, मोहरी कागदावर ओतली आणि सात वाट्या आमच्यापुढे मांडल्या. “शिमग्यापर्यंत कर्ज फिटलं तर तुम्ही हितंच राहायचं. नाय फिटलं तर मीच तुमची बॅग भरीन.”

असा आमच्या घरात अंदाजपत्रकाचा जन्म झाला. दादानं मिरकरवाड्याला बर्फाच्या कारखान्यात बसून करायचं काम धरलं. पगार झाला की वहिनी पाटावर बसून वाट्या भरायची. मधली वाटी कर्जाची, भोवती मासळी, किराणा, वीज, औषध आणि देवधर्म. सातवी कपड्यांची. ती रिकामी ठेवणं अशुभ म्हणून तिच्यात एक सुपारी. एका वाटीतले पैसे दुसरीत टाकायचे नाहीत, हा नियम इतका कडक की मासळीची वाटी संपल्यावर दारात फडफडीत बांगडे आले तरी आम्ही डाळीचं पिठलं खात होतो. डबा तिनं नीट धुतला नव्हता एवढंच. पतपेढीतला कॅशियर आमचा हप्ता मोजताना हटकून शिंकायचा, आणि शेवटी शेवटी तर वहिनी दारात दिसली की आधी रुमाल काढायचा.

मोह होऊ नये म्हणून तिनं नवरात्रात बऱ्याच कोऱ्या साड्या पिशव्यांसकट ग्रामदेवीला वाहिल्या. इथवर ठीक होतं. पण आमच्याकडे देवीला आलेल्या साड्यांचा दसऱ्यानंतर देवळात लिलाव होतो, हे ती विसरली नव्हती. “ही काय खरेदी नाय, भाऊजी. प्रसाद आहे. देवधर्माच्या वाटीतून जाईल,” असं म्हणून ती मला घेऊन बायकांच्या बाजूला जाऊन बसली. गुरवानं एक मोरपंखी साडी वर धरली आणि वहिनी पुढे सरकली. “अगो बाई, काय रंग! ही आपल्या नजरेतून सुटली कशी?” तिनं बोली लावली. पुरुषांच्या बाजूनं, खांबाआडून, कुणीतरी बोली वाढवली. वहिनीनं आणखी वाढवली. खांबाआडचा माणूस काही हटेना. वहिनी इरेला पेटली, “कोण मेला एवढा बायकोवेडा आहे बघते मी!” म्हणाली आणि असा आकडा बोलली की देऊळ गप्प झालं. त्या शांततेत गुरव हसायला लागला. “वैनी, दादानू, एकाच घरातली दोघां कित्याक झगडताव? आणि ही साडी तर तुमीच देवीला दिलेली!”

खांबाआडून दादा बाहेर आला. कानापर्यंत लाल. जन्मभर बोटीवरून पैसे पाठवले, पण बायकोला स्वतःच्या हातानं साडी कधी घेतली नाही, म्हणून बिचारा तंबाखू सोडून साठवत होता. सगळं देऊळ खो खो हसत होतं. पण देवीच्या दारात बोललेला शब्द मागे घेता येत नाही. त्या महिन्यात पगाराचा मोठा भाग साडीपायी गेला, कर्जाची वाटी जवळजवळ रिकामीच राहिली, आम्ही पेज आणि सुकट खाल्ली आणि एजंटाचा फोन मात्र वेळेवर आला.

तेव्हा वहिनीनं कपाट उघडलं. दिवाळीच्या तोंडावर सगळ्या पिशव्या ओटीवर मांडल्या आणि आळीतल्या बायकांना बोलावलं. ती विकायला बसली तेव्हा कळलं, इतकी वर्षं गिऱ्हाईक होऊन तिनं काय विद्या कमावली होती! “तुझ्या गोऱ्या रंगावर ही अशी खुलेल ना,” असं ती सावळ्या शेजारणीला इतक्या मायेनं सांगायची की शेजारीण खरंच उजळायची. मी तिथे उगाच घुटमळलो, तर माझ्यासाठीच कधीतरी घेऊन ठेवलेले पोपटी शर्ट मलाच विकत घ्यावे लागले. मोरपंखी साडी तेवढी तिनं मांडली नाही.

फाल्गुन लागला आणि कर्जाचा शेवटचा हप्ता शिंकेसकट भरला गेला. पाटल्या हातात आल्या. दोन दिवसांनी एजंटाचा फोन आला तो वहिनीनंच उचलला. “नाय, येणार नाहीत,” म्हणाली. पलीकडून पगार वाढवून सांगत असावेत. “कितीही द्या ओ. आमचं भागतंय.” फोन ठेवला आणि पदर तोंडाला लावून ती लहान मुलीसारखी रडली. दादा तिच्या पाठीवर थोपटत राहिला. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू.

त्या संध्याकाळी आम्ही तिघं मांडवीच्या किनाऱ्यावर गेलो. वहिनीनं मोरपंखी साडीची घडी मोडली होती. काळोख पडता पडता दूर पाण्यावर एका मोठ्या बोटीचे दिवे दिसायला लागले. वहिनी तिकडे बघत होती.

“भाऊजी, त्या बोटीवरच्यांच्या बायका आत्ता काय करत असतील?”

“काय करणार? स्वयंपाक करत असतील.”

“नवरा घरी नसताना स्वयंपाकात कोणाचं मन लागतं ओ,” ती म्हणाली. “बाजारात फिरत असतील.”

दादानं तिचा हात धरला, आणि बोट दिसेनाशी होईपर्यंत सोडला नाही.