ओल मिळाली की काच

त्या दिवशी बाटलीत नेहमीचं रसायन नव्हतं, हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

पुण्याजवळ भुकूमच्या पुढे आमची छोटी प्रयोगशाळा होती. प्लॅस्टिकवर ओरखडे पडू नयेत म्हणून काच आणि पॉलिमर एकजीव केलेला लेप आम्ही बनवायचो. त्याला भट्टी लागत नाही. सिलिकेटचं पाण्यासारखं पातळ रसायन, पॉलिमर, थोडं आम्ल, पाणी. त्याची जेली होते, सुकली की काच. ओल मिळाली की ते रसायन काच व्हायला लागतं, एवढाच सगळा खेळ.

नेहमीचं रसायन सावकाश जमायचं आणि गिऱ्हाईक घाई करत होतं. मी त्याच जातीचं, भराभर जमणारं दुसरं मागवलं. त्याची वाफ डोळ्यांचा घात करते, हे मला ठाऊक होतं. प्रयोगशाळेचे मालक चौकशा करत बसले असते, म्हणून ते जुन्याच बाटलीत ओतलं. आपणच हाताळू, म्हटलं. आणि दुसऱ्या दिवशी, कुणाला काही न सांगता, मीटिंगला पुण्यात गेलो.

सहायक म्हणून गावातल्या एक ताई होत्या. जमलं का बघायला कुपी तिरकी करून डोळा अगदी जवळ न्यायचा, हे त्यांना मीच शिकवलेलं. काम करताना संरक्षक चष्मा लावायची सवय आमच्यात कुणालाच नव्हती. संध्याकाळी परतलो तर ताई खुशीत.

"सर, आज लई लवकर जमलं बगा! तुमच्यापरीस माझ्या हाताला गुण हाय."

मी हसलो. त्रास उशिरा सुरू होतो, हेही मी वाचलेलं होतं. तेव्हाच दवाखान्यात न्यायला हवं होतं. त्यांना काही होत नाहीये, असं स्वतःला बजावून घरी गेलो.

सकाळी फोन आला. "सर, डोळ्यात वाळू भरल्यागत झालंय. उजेड सोसंना."

त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी रसायनाचं नाव विचारलं. मी जुनंच सांगितलं. "त्यानं एवढं होत नाही," ते म्हणाले. ताईच ओशाळल्या. "माझाच आम्लाचा हात लागला आसंल." मी मान डोलावली.

उजव्या डोळ्यानं त्यांना आता धुरकट दिसतं. भेटले की नवरा माझ्यादेखत म्हणतो, "हिला हात धुवायचं कळंना, सर." त्या खाली बघतात. मी चहा घेतो.

डॉक्टरांना खरं नाव, आणि नवऱ्यासमोर ताईंना "चूक तुमची नव्हती, माझी होती" एवढं वाक्य. दोन्ही मी अजून देणं लागतो.