काचवाले पेडणेकर मास्तर

पहिल्या तीन महिन्यांत मी काचेच्या अकरा वस्तू घरी नेल्या आणि त्यांतली एकही मी केलेली नव्हती. पेडणेकर मास्तरांच्या वर्गात असंच चालायचं. आपण बर्नरच्या ज्योतीत काचेची काडी धरायची. ती लाल होऊन वाकू लागली की मागून आवाज यायचा, "दी हकडे!" काडी मास्तरांच्या हातात गेलेली असायची आणि दोन मिनिटांत हंस तयार. "बघ. असो करूचो," म्हणून ते तो आपल्यापुढे ठेवायचे. कसा केला, ते त्यांच्या पाठीआड घडून गेलेलं असायचं. माझ्या सासूबाई शेजारणींना तो हंस दाखवून "आमच्या सुनेने केला" म्हणायच्या. मी खाली बघायचे. त्याला त्या विनय समजायच्या.

मास्तरांनी तीसेक वर्षं एका कॉलेजच्या प्रयोगशाळेसाठी काचेची उपकरणं केली होती. निवृत्त झाल्यावर भोईवाड्यातल्या चाळीत तळमजल्याची खोली घेऊन त्यांनी बर्नर मांडला. मुलीने, मनीषाने, बाहेर 'ग्लास स्टुडिओ' अशी पाटी लावली. मास्तर मात्र शेवटपर्यंत त्या जागेला खोलीच म्हणाले. त्यांना शिकवायचे होते प्रयोगशाळेत वाफ थंड करणारे कंडेन्सर आणि आम्हाला हवे होते हंस. मी विमा कंपनीतल्या कामातून विरंगुळा शोधत दादरहून यायचे आणि हिंदू कॉलनीतले दंतवैद्य डॉक्टर बेहेरे आपला हात स्थिर आहे या समजुतीने यायचे. "हंसातून पाणी जाता काय? वाफ थंड होता काय?" मास्तर विचारायचे. होत नाही, असं आम्ही कबूल करायचो. मग ते सुस्कारा सोडून आणखी एक हंस करायचे.

एके दिवशी त्यांनी माझ्या हातातली काडी घेतली आणि हंसाची मान वाकडी झाली. मास्तरांनी ज्योतीकडे रागाने बघितलं. "सिलिंडर बदललो. आग नाचता." पुढच्या आठवड्यात काच खराब निघाली, त्याच्या पुढच्या आठवड्यात पंख्याचा वारा लागला. आम्ही पंखा बंद केला आणि घामाघूम होऊन काचेला नावं ठेवली. त्यांचा उजवा हात टेबलावर नुसता ठेवलेला असतानाही हलतो, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. शेवटी डॉक्टर बेहेरे म्हणाले, "मास्तर, हे गॅसचं नाही. ओळखीचा न्यूरोलॉजिस्ट आहे, दाखवून घ्या."

"डॉक्टर, तुमी दात बघा," मास्तर म्हणाले आणि त्यांनी बर्नर बंद केला.

खोली महिनाभर बंद राहिली. मग मनीषाचा फोन आला, या म्हणून. मास्तर स्टुलावर बसले होते. दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरलेले. "औषधां चालू झाली. आता मी बसतलंय आणि तुमी करतल्यात."

आम्हाला वाटलं, आता शिकणं संपलं. तो पहिला दिवस खरोखरच भयंकर गेला. "अशी धर. तशी नाय गो, अशी!" मास्तर ओरडत होते. "अशी म्हणजे कशी?" डॉक्टरांनी विचारलं. हा प्रश्न त्यांच्या हातांना कोणी कधी विचारलाच नव्हता. पुढच्या वेळी मात्र ते तयारी करून आले. "काच पेजेसारखी होऊ दे, भातासारखी नको." आणि फुंकर? "बशीतल्या चहावर मारतंस तशी. केकवर मारतंस तशी नको." मला पेज कळत होती. डॉक्टरांना मनीषाने करून घातली.

त्यानंतर कॉलेजातल्या देसाईबाई आल्या. मास्तरांनी पूर्वी केलेला कंडेन्सर फुटला होता, बाजारातला त्यांच्या जुन्या मांडणीत बसत नव्हता आणि त्यांच्या विद्यार्थिनीचा वर्षभराचा प्रयोग त्यामुळे अडला होता. "बाबा, नाही म्हणून सांग," मनीषा हळूच म्हणाली. मास्तर बाईंना म्हणाले, "शनवारी नेवा." बाई गेल्यावर ते माझ्याकडे वळले. "ऐकलंस मा?"

आतल्या नळीवर बाहेरची नळी चहूबाजूंनी जोडायची, हा त्यातला अवघड भाग. पहिला सांधा थंड होताना टिक्‌ करून गेला. दुसराही गेला. तिसऱ्याला मास्तर माझ्या मागे येऊन उभे राहिले. "फिरव. घाई नको. डावो हात मागे पडता, बघ. आता फुंक... बास." त्यांचा श्वास माझ्या कानाशी जोरात चालला होता. एकदा वाटलं, आता हात पुढे येणार. आला नाही. सांधा सावकाश थंड व्हायला भट्टीत ठेवला तेव्हा माझ्या पाठीला घाम फुटला होता आणि मास्तर भिंतीला टेकून उभे होते. त्यांनीच तो केला असावा, असे दमलेले.

शनिवारी देसाईबाईंनी कंडेन्सर उजेडात धरला. "मास्तर, हात अजून तसाच आहे हं तुमचा!"

"माझो नाय. हिचो."

बाई खळखळून हसल्या. "तुमची थट्टेची सवय काही गेली नाही!" तीस वर्षांत मास्तरांनी कॉलेजात एकदाही थट्टा केली नसावी. बाई गेल्यावर ते मला म्हणाले, "वाईट वाटून घेव नको. थय मोठे मोठे शोध लागले. कंडेन्सर कोणी केल्यान, ता कोणी विचारूक नाय." मग म्हणाले, "डावीकडे जाड झालोहा. पण टिकात."

पुढची दोन वर्षं आम्ही त्यांच्याकडून जे शिकलो, ते त्यांना स्वतःला करता येईनासं झालं होतं म्हणून शिकलो. त्यांच्यापाशी हे बोलायची सोय नव्हती.

गेल्या वर्षी न्यूमोनिया झाला तेव्हा त्यांना शीवच्या बाजूला एका हॉस्पिटलात ठेवलं होतं. मी भेटायला गेले. आवाज अगदी बारीक झाला होता. त्यांनी खुणेने जवळ बोलावलं आणि मी कान पुढे केला. मास्तरांचे अखेरचे शब्द आपल्याला ऐकायला मिळणार, या कल्पनेने माझे डोळे आधीच भरले होते.

त्यांनी वर टांगलेल्या सलाईनच्या बाटलीकडे नजर वळवली.

"पयली काचेची असायची," ते म्हणाले. "मेल्यांनी हीपण प्लास्टिकची केल्यानी."

मी मान डोलावली. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं आणि त्यांचं म्हणणं खरं होतं.