डाव्या बाजूचं झाकण

कारखान्यात त्याला सगळे सूतभर म्हणत. फिटर म्हणून चाळीस वर्षं काढली आणि दुसऱ्याने घासलेला कुठलाही भाग हातात आला की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असे, "सूतभर चुकलंय." निवृत्तीनंतर हे नाव त्याच्या मागोमाग घरी आलं. त्याच्याकडेच राहणारी थोरली बहीण चहा ठेवताना विचारायची, "कप मधोमध आहे ना रे, की सूतभर सरकवू?"

मागच्या खोलीत खिडकीखाली त्याचं टेबल. त्यावर पितळेचे पातळ पत्रे, कानशी, पत्रे सांधायला डाग द्यायची कावी आणि फडक्यात गुंडाळलेलं, बारीक मापं घ्यायचं वर्नियर. शेजारच्या काचेच्या कपाटात अकरा गाड्या होत्या. सगळ्या जुन्या श्रीमंतांच्या, मूळ गाडीच्या बाराव्या हिश्श्याच्या आणि हाताने केलेल्या. त्या काळी मोटार बनवणारी कंपनी फक्त सांगाडा, इंजिन आणि रेडिएटर विकायची. वरचं अंग गिऱ्हाईक आपल्या लहरीप्रमाणे दुसरीकडे करून घेई, तेही बहुधा घोडागाड्या बांधणाऱ्या जुन्या कारागिरांकडून. एकाला उलटी उघडणारी दारं हवीत, दुसऱ्याला आसनाशेजारी चांदीची फुलदाणी. त्यामुळे एक गाडी दुसरीसारखी नसायची. सूतभर हे कोणालाही तासभर ऐकवू शकत असे, आणि ऐकवतही असे.

बाराव्या, अजून न केलेल्या गाडीबद्दल मात्र तो बोलत नसे. त्या गाडीचा लांब सांगाडा कंपनीने सातच वेळा बनवला होता. सातवा त्यांच्याच गावातल्या एका मालकांकडे आला, आणि त्यांचे ड्रायव्हर म्हणजे या दोघांचे बाबा. मागचा भाग नावेच्या टोकासारखा निमुळता, अंगाला लाकडाच्या पट्ट्या. ती गाडी एकच दिवस रस्त्यावर धावली. नंबराची पाटीसुद्धा अजून रंगवून यायची होती. त्या दुपारी वळणावर सायकलवरून जाणारी एक शिक्षिका तिच्याखाली सापडून मेली. गाडीत दोघंच होते, बाबा आणि मालकांचा मुलगा. मुलगा म्हणाला, ड्रायव्हर चालवत होता. बाबा म्हणाले, मी शेजारी बसलो होतो.

मग कोर्टात फोटो आला. निघताना मालकांच्या बंगल्याच्या पायरीवरून काढलेला, मागून. फाटकाबाहेर पडणारी उघडी गाडी आणि दोन डोकी. ड्रायव्हरच्या टोपीचं डोकं उजवीकडे, आणि गाडीचं स्टीअरिंगही उजवीकडे. बाबांना दोन वर्षांची शिक्षा झाली. गाडी कोर्टाच्या आवारात गंजली आणि शेवटी भंगारात गेली.

बाबा सुटून आले तेव्हा हा चौदा वर्षांचा होता. एकदा बाबा परत तेच सांगू लागले तेव्हा हा म्हणाला, "बाबा, फोटोत तर तुम्हीच उजवीकडे आहात."

बाबांनी फडक्याला हात पुसले. मग म्हणाले, "दिसतं खरं तसं."

त्यानंतर मरेपर्यंत त्यांनी तो विषय काढला नाही. याचा अभ्यास चालला की मागे येऊन गप्प उभे राहायचे, एवढंच. ते गेले, तरी टेबलाशी बसलं की याला उजव्या खांद्यामागे कोणीतरी उभं असल्यासारखं वाटे. कधी पॉलिशचा वास येई, कधी पेट्रोलचा. ताईपाशी तो हे बोलला नव्हता.

हात थरथरायला लागले तेव्हा त्याने बारावी गाडी हाती घेतली. आता नाही तर कधीच नाही. सांगाड्याचा कंपनीचा आराखडा एका शौकिनाकडून मिळाला. वरच्या अंगासाठी आधार एकच, कोर्टाच्या कागदांतून मिळवलेला तो फोटो. दोन वर्षं भिंग लावून त्याने त्यातला एकेक खिळा मोजला.

पुढची चाकं जोडल्यापासून एक विचित्र गोष्ट होऊ लागली. संध्याकाळी सरळ ठेवलेली चाकं सकाळी डावीकडे वळलेली असत. त्याने स्क्रू आवळला, मग बदलला. फरक पडेना.

"बाबा येऊन फिरवून बघत असतील," ताई केर काढता काढता म्हणाली. त्याने चाकं पुन्हा सरळ केली.

शेवटी पेट्रोलची टाकी राहिली. फोटोत टाकीचं झाकण डावीकडे दिसत होतं. आराखड्यात ते उजवीकडे, पण अशा गाड्यांत फोटोवर विश्वास ठेवायचा, हा त्याचा नियम. मालकांची लहर असेल, म्हणून त्याने डावीकडे भोक पाडलं आणि नळी आत सोडली. ती थेट धुराच्या नळीवर टेकली. त्याने पुन्हा मोजलं. तापून लाल होणाऱ्या नळीवर पेट्रोल कोण नेईल? एवढा वेडा कारागीर नसतो.

न्हाणीघरातला आरसा आणून त्याने फोटो त्याच्यासमोर धरला. झाकण उजवीकडे गेलं. टोपी डावीकडे.

पन्नास वर्षं टाळलेल्या बंगल्याच्या रस्त्याने तो सकाळी अकराला गेला. बंगल्यात आता दातांचा दवाखाना होता. पायरीवर उभं राहून त्याने फाटकाकडे पाहिलं. पहारेकऱ्याची दगडी खोली उजव्या हाताला होती. फोटोत ती डावीकडे होती. निगेटिव्हची काच उलटी धरून फोटो छापला होता. मुद्दाम की घाईत, सांगायला कोणी उरलं नव्हतं.

घरी येऊन त्याने ताईला सगळं सांगितलं, चौदाव्या वर्षी आपण काय बोललो होतो तेसुद्धा. ताईने चष्मा काढून पुसला.

"मला कशाला पटवतोस? मी कधी फोटो मागितला होता?" ती म्हणाली. "बाबांना सांग."

दुसऱ्या दिवशी त्याने डाग सोडवून झाकण उजवीकडे बसवलं. मग खुर्चीत ताठ बसला, मागे न बघता. तोंडात माफीचा शब्द तयार होता. पण खांद्यामागे कोणी नव्हतं. वास नव्हता. समोर चाकं सरळ होती, काल ठेवली तशीच.

गाडी पूर्ण होऊन वर्ष झालं, तरी त्याने ती कपाटात ठेवलेली नाही. रोज संध्याकाळी तो स्वतःच चाकं डावीकडे वळवून ठेवतो आणि सकाळी उठल्याबरोबर ती कोणी हलवली का बघायला जातो. ती तशीच असतात.